लष्कराच्या भाकऱ्या

आमच्या एकत्र कुटुंबांतील एक पुतण्या दिवसभर नोकरी करून रात्रीं पुनः संगणकापुढें बसतो. या कामाची त्यास कवडीही मिळत नाहीं. 'लष्कराच्या भाकऱ्या भाजणें सोडून दे,' असें आमच्या वडील बंधूंनीं त्यास निक्षून सांगितलें. निवाडा आम्हांकडे आला, तेव्हां आम्हीं प्रथम तें काम समजावून घेतलें.

कांहीं आज्ञावल्यांची संहिता सर्वांस खुली असते; कोणीही ती वाचावी व तींत दुरुस्ती सुचवावी. पुतण्यानें 'कर्ल'चें उदाहरण दिलें. संगणकांमधून मजकुराची नेआण करणारी ही आज्ञावली स्वीडनमधील डॅनियल स्टेनबर्ग यांनीं १९९८ सालीं प्रसिद्ध केली. आज ती असंख्य मोबाईलांत व मोटारींत आहे. एकाच्या दुरुस्तीनें दुसऱ्याचें काम बिघडूं नये म्हणून दीड हजारांहून अधिक चाचण्या यंत्रच घेतें. प्रत्येक चाचणीची एक लहानशी फाईल असते. सर्व्हरनें काय उत्तर द्यावें, कर्लला कोणती आज्ञा द्यावी आणि कर्लनें नेमकें काय पाठवावें, हें तींत लिहिलेलें असतें.

आम्हां संस्कृत शिकलेल्यांस यांत नवल वाटलें नाहीं. घनपाठांत पदें पुढून, मागून व पुनः पुढून गुंफून म्हणतात; त्यामुळें एक अक्षर गळलें तरी तत्काळ ध्यानांत येतें. मात्र वेदाची संहिता स्थिर आहे. आज्ञावलीची नित्य बदलते. म्हणून परीक्षेसही तिच्याबरोबर बदलावें लागतें. खरी मेख येथेंच आहे.

नवी चाचणी लिहिण्यास उत्साही मंडळी मिळतात. जुनीची निगा राखण्यास कोणी पुढें येत नाहीं. एखाद्या चाचणींत ठराविक तारीख लिहिलेली असते. ती उलटतांच चाचणी विनाकारण नापास होते. दुसरी मंद यंत्रावर नापास आणि जलद यंत्रावर पास होते. असें वारंवार झालें म्हणजे लोक नापासाच्या शेऱ्याकडे दुर्लक्ष करितात, आणि त्यांतच एखादा खरा दोष निसटतो. कोणी तर अपेक्षित उत्तरच बदलून टाकतो. विद्यार्थी पास व्हावा म्हणून उत्तरपत्रिकेऐवजीं नमुना-उत्तर खोडणारा परीक्षक आम्हीं आमच्या शाळेंत ठेवला नसता. दोष आज्ञावलींत कीं चाचणींत, याचा शांतपणें शोध घेणें, हेंच पुतण्याचें काम.

तें न झाल्यास काय होतें? 'ओपनएसएसएल' या खुल्या आज्ञावलींत २०१२ सालीं एक दोष शिरला. समोरच्यानें मजकुराची लांबी खोटी सांगितली तर काय होईल, हें कोणीं तपासलें नव्हतें. २०१४च्या एप्रिलांत तो उघडकीस येईपर्यंत जगांतील असंख्य सर्व्हरांवरील गुप्त मजकूर उघडा पडण्याजोगा होता.

घरांत रोज रात्रीं कड्या तपासून निजणाऱ्या माणसाचें नांव कोणी घेत नाहीं. चोरी न होणें हीच त्याची कमाई. म्हणून आम्हीं बंधूंस एवढेंच सांगितलें : मुलाची झोप मोडूं नये, यासाठीं वेळेचें बंधन घाला, काम मात्र बंद करूं नका. भाकऱ्या लष्कराच्या खऱ्या, पण त्या पंक्तीस आपणही बसलों आहोंत.