७१ टक्के म्हणजे फर्स्ट क्लास?

शनिवार सकाळ. कपाट आवरताना २०१६ सालची वही सापडली. एका पानावर माझ्याच अक्षरात मोठ्ठं "७१%" आणि खाली दोन रेघा. बघून जरा ओशाळलोच.

तर झालं असं. तेव्हा आम्ही न्यू जर्सीत होतो, मी एच-वन-बी वर. ऑक्टोबरात एक घर आवडलं. बायको म्हणाली, "निवडणूक होऊन जाऊ दे, मग बघू." पण मी पडलो इंजिनिअर! रोज फाइव्हथर्टीएटचा आकडा बघायचो. तेव्हा क्लिंटनबाई ८० च्या वर होत्या. होती नव्हती ती शिल्लक डाउन पेमेंटला घातली. मतदानाच्या दिवशी आकडा ७१ वर आला, तरी मी निवांत. आपल्याला सवय मार्कांची ना, ७१ म्हणजे फर्स्ट क्लास!

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. उरलेले २९ टक्के म्हणजे किती? दोन नाणी उडवा. दोन्ही छापे पडायची शक्यता २५ टक्के. म्हणजे त्याहून थोडी जास्तच. असं रोज घडतं.

गंमत म्हणजे प्रिन्स्टनच्या सॅम वँग यांचं मॉडेल ९९ टक्के सांगत होतं. सर्वेक्षणं साधारण तीच, मग एवढा फरक का? फरक एका गृहीतकाचा. विस्कॉन्सिन, मिशिगन, पेनसिल्व्हेनिया ही राज्यं एकमेकांसारखी. एका ठिकाणी सर्वेक्षण चुकलं तर बाकीच्या ठिकाणीही त्याच दिशेला चुकणार. तीन सर्व्हर आहेत म्हणून खुशाल झोपावं, आणि तिघांची वीज एकाच बोर्डावरून यावी, तसं. आणि झालंही तसंच. कमी शिकलेले मतदार बऱ्याच राज्य-सर्वेक्षणांत कमी मोजले गेले होते. तिन्ही राज्यं मिळून जेमतेम ७८ हजार मतांनी गेली. ट्रम्पना २४० च्या वर मतं मिळाली तर किडा खाईन असं वँग म्हणाले होते. शब्दाला जागून त्यांनी टीव्हीवर रातकिडा खाल्ला. बग शब्दशः गिळणारा माणूस मी तेवढाच पाहिला :-)

नुसता आकडा मोठा असूनही भागत नाही. १९३६ मध्ये लिटररी डायजेस्टने एक कोटीच्या आसपास कार्डं पाठवली, वीस लाखांहून जास्त परत आली, आणि लँडन जिंकणार असं छापलं. रूझवेल्टनी ४८ पैकी ४६ राज्यं घेतली. गॅलपने त्यापेक्षा कितीतरी छोट्या नमुन्यावर बरोबर सांगितलं होतं. तेच गॅलप १९४८ मध्ये ट्रुमनच्या वेळी आपटले. आणि १३ प्रश्नांच्या "किल्ल्या" वापरणारे लिक्टमन २०२४ मध्ये हॅरिस म्हणाले. आले ट्रम्पच.

असो. २०१८ मध्ये माझं व्हिसा एक्स्टेन्शन अडकलं. सहा महिने घराचा हप्ता डोक्यावर आणि हातात शिल्लक शून्य. बायको एकदाही "मी सांगत होते" म्हणाली नाही. ते जास्त लागलं.

फोनवर बाबांना सगळं गणित समजावलं. ते सांगोल्याकडचे कोरडवाहू शेतकरी. शांतपणे म्हणाले, "अरे, पंचांग काय अन् वेधशाळा काय, पाऊस सांगितला म्हणून आम्ही पेरायचं थांबत नाही. पण दुबार पेरणीपुरतं बी घरात ठेवतो. तू सगळंच पेरलंस."

मॉडेल चुकलं नव्हतं. २९ टक्के असं त्यानं स्वच्छ लिहिलं होतं. मी ते वाचलंच नाही.

वही टाकली नाही. बायको म्हणते, राहू दे!