न वाकणारा गुडघा

गेल्या पास्काकाळापासून आमचा उजवा गुडघा वाकेनासा झाला आहे. पवित्र मिस्सामध्ये धर्मगुरूने तीनदा गुडघा टेकावयाचा असतो: ख्रिस्तशरीर उंचावल्यावर, चषक उंचावल्यावर आणि परमप्रसादापूर्वी. त्या तिन्ही क्षणी आता आम्ही केवळ कमरेत लवतो, आणि दर वेळी एक जुना प्रसंग मनात सलतो.

आम्ही नवदीक्षित होतो. सेमिनरीतले शिक्षण ताजे होते. आमच्या पहिल्या धर्मग्रामात एक वृद्ध शेतकरी, सर्व भाविक गुडघ्यांवर असताना, शेवटच्या बाकावर बसून राहत. देवापुढे न वाकणारा गुडघा अहंकाराचा असतो, असे एका रविवारी आम्ही प्रवचनात सुनावले. पुढल्या रविवारी ते थरथरत गुडघ्यांवर आले. त्यांना उठवावयास दोघे लागले. ते काहीच बोलले नाहीत. पुढे आमची बदली झाली, ते देवाघरी गेले आणि क्षमा मागावयाची राहून गेली.

गुडघे टेकण्याची थोरवी आम्ही कमी लेखत नाही. जैतुनांच्या डोंगरावर प्रभू येशूने गुडघे टेकले. स्तेफनाने दगडांच्या माऱ्यात टेकले. संत पौलाने सोर नगरीच्या किनाऱ्यावर, निरोप द्यावयास आलेल्या बायकामुलांसह टेकले. परंतु उभ्याने केलेली प्रार्थनाही तितकीच प्राचीन आहे. रविवारी व पेन्टेकॉस्टपर्यंतच्या दिवसांत सर्वांनी उभे राहूनच प्रार्थना करावी, असा नियम इ. स. 325 मध्ये निसिया येथील परिषदेने केला होता. पुनरुत्थित प्रभूची प्रजा ती. तिने उभेच राहावे! संत बासिल तर सांगतात की, गुडघे टेकण्यात आपले पापाने झालेले पतन आहे आणि उठण्यात देवाच्या प्रेमाने झालेला उद्धार. म्हणजे टेकणे आणि उठणे मिळून एकच प्रार्थना होते. त्या वृद्धाला आम्ही टेकावयास लावले. उठविले मात्र इतरांनी.

आजारपणामुळे वा जागेअभावी गुडघे टेकता येत नसतील, तर धर्मगुरू गुडघा टेकतो त्या वेळी भाविकाने खोल लवून वंदन करावे, असे मिस्साग्रंथाची नियमावलीच सांगते. तेव्हा वाचकहो, गुडघे धड आहेत तोवर ते मनोभावे टेका. आणि शेजारचा बसून राहिला, तर त्याचा न्याय करू नका.

त्या वृद्धाने बसल्या जागी मान लवविली होती काय? आम्हांस ठाऊक नाही. आमची दृष्टी त्यांच्या गुडघ्यांवर होती.