कुठवर पोचतंय?

जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स घालून द्यायला ठाणे, डोंबिवली, कल्याण अशी माझी फिरती असते. लिनक्स चढतं पटकन. खरं काम नेट लागत नाही तिथून सुरू होतं. "विंडोजवर तर चालत होतं!" हे वाक्य ठरलेलं, आणि खरंही. पण ते का चालत होतं, हे घरात कुणालाच आठवत नसतं. केबलवाल्याचा मुलगा कधीतरी येऊन युजरनेम-पासवर्ड टाकून गेलेला असतो. डिस्क पुसली की तेही पुसलं जातं.

म्हणून 'नेट नाही' एवढ्यावर मी थांबत नाही. कुठवर पोचतंय, ते बघतो. घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये फायबरचा डबाच लॉगिन सांभाळतो; तिथे केबल खोचली की झालं. डोंबिवलीच्या जुन्या इमारतींत मात्र गच्चीवरून उतरलेली वायर कधी थेट कॉम्प्युटरमध्ये शिरलेली असते. पोर्टचा दिवा लुकलुकतो, पण आयपी पत्ता मिळत नाही. लिनक्स डीएचसीपीची वाट बघत बसतं आणि पलीकडून उत्तर देणारं कुणी नसतं, कारण तिकडे पीपीपीओई आहे: आधी लॉगिन, मग पत्ता. नेटवर्क सेटिंगमध्ये त्या प्रकारची जोडणी केली की काम होतं. नवं कार्ड बसवलं असेल, तर कधी त्याचा मॅक पत्ताही केबलवाल्याकडे नोंदवावा लागतो.

पत्ता मिळाला की आधी गेटवेला पिंग, मग इंटरनेटवरच्या ८.८.८.८ ला, मग एखाद्या साइटला नावाने. आकड्याला उत्तर येतं आणि नावाला येत नाही, म्हणजे दुखणं डीएनएसचं. तिथे ड्रायव्हर बदलत बसणं म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

सगळ्यात चकवतं ते अर्धवट नेट. पिंग जातं, काही साइट उघडतात, बँकेची मात्र लटकते. इथरनेटच्या पॅकेटमध्ये १५०० बाइट मावतात. त्यातले ८ पीपीपीओई स्वतःसाठी घेतं. राऊटरने ही काटछाट मशीनला नीट कळवली नाही, तर मोठी पॅकेट वाटेतच गडप होतात. मशीनचा एमटीयू, म्हणजे पॅकेटची कमाल मर्यादा, १४९२ केला की बँक उघडते.

निघताना जोडणीचा प्रकार, युजरनेम, मॅक आणि एमटीयू कागदावर लिहून मी तो कॅबिनेटच्या आत चिकटवतो. पासवर्ड मालकाच्या वहीत. पुढच्या वेळी डिस्क पुसणाऱ्याला कुणाच्या आठवणीवर विसंबायला नको.