अप्पांची होळी

अप्पा, म्हणजे माझे सासरे, साताऱ्याहून आमच्याकडे हॅमिल्टनला आले ते जानेवारीत, इथल्या भर उन्हाळ्यात. मार्च उजाडला तशी त्यांनी मागच्या अंगणात होळी रचायला घेतली. कुंपणाच्या दुरुस्तीत निघालेल्या जुन्या फळ्या, छाटलेल्या फांद्या, पालापाचोळा. नातीला खरी होळी दाखवायचीच, हा बेत त्यांनी विमानात बसण्याआधीच केला होता. इथे असं काही पेटवता येत नाही, हे सांगायचं मी पुढे ढकलत होते. एक तर सून, त्यातून माजी शिक्षिका. माझं साधं वाक्यही सूचनेसारखं वाटतं, असं नवरा म्हणतो.

शेवटी तोंड उघडलं ते शेजारच्या आजोबांनी. जन्मभर रुकुहियाला गाई सांभाळलेला माणूस. कुंपणावरून फळ्या बघून म्हणाले, "ह्या मात्र जाळू नका." इथे पाइनचं लाकूड कुजू नये म्हणून त्यात तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक जिरवतात. जाळलं की ते धुरात आणि राखेत उतरतं. आर्सेनिकला मी अप्पांना 'सोमल' म्हणून सांगितलं. त्यांनी हातातली फळी हळूच खाली ठेवली. धुळवडीला हीच राख ते नातीच्या कपाळाला लावणार होते.

"बरं, नुसत्या फांद्या?"

मग लॅपटॉप उघडला. 2017 पासून देशभराची आग 'फायर अँड इमर्जन्सी न्यूझीलंड' ही एकच संस्था बघते. तिचे तीन ऋतू: खुला, परवान्याचा आणि बंदीचा. आपला पत्ता घातला की आज पेटवता येईल का ते कळतं. त्याशिवाय वायकाटोच्या प्रादेशिक कौन्सिलचं वेगळंच: प्लास्टिक, रंगवलेलं लाकूड जाळायचं नाही आणि आपल्या धुराचा त्रास हद्दीपलीकडे जाऊ द्यायचा नाही. त्या दिवशी आमच्या पत्त्याला उत्तर आलं, नाही.

"स्वतःच्या अंगणात विस्तवाला परवानगी?" एवढं बोलून अप्पा आत गेले. मी मागोमाग जाऊन सांगितलं, अहो, आपल्याकडेही 2016 मध्ये हरित लवादाने उघड्यावर कचरा जाळायला पाच हजारांचा दंड ठरवलाय. हे सांगायला नको होतं. अप्पा संध्याकाळभर बोलले नाहीत. खरं तर मला तरी काय तोंड होतं? आमच्या शाळेच्या आवारात रोज सकाळी पाला पेटायचा, आणि आम्ही खिडक्या लावून घेऊन 'पर्यावरण' शिकवायचो.

दुसऱ्या दिवशी आजोबा गाडी घेऊन आले आणि अप्पांना त्यांची जुनी जमीन दाखवायला निघाले. दुभाषी म्हणून मी. हॅमिल्टन म्हटलं की आपल्याला नदी आणि बागा आठवतात, पण ह्या गावाच्या चहूबाजूंना पीटची जमीन आहे. हजारो वर्षं दलदलीत अर्धवट कुजून साठलेल्या झाडपाल्याची माती ती. गावातलं रोटोरोआ तळंसुद्धा पीटचंच. चर खणून पाणी काढलं, गवत लावलं आणि त्यावर गाई आल्या. पण कोरडं पीट पेटतं, आणि वरून विझलं तरी आत आठवडेच्या आठवडे धुमसतं. इथे विझवावं तर पलीकडे वर येतं.

अप्पांनी चराच्या काठाची मूठभर माती उचलली. काळी, भुसभुशीत, कॉफीच्या चोथ्यासारखी. चोळली, हुंगली. दर साल उसाचं पाचट पेटवणारा शेतकरी. आग कशी पळते हे त्यांना मी काय सांगणार! "ही माती कुठली, हे तर सरपण," म्हणाले. आजोबांना ते भाषांतराशिवायच कळलं बहुधा. घरी येताना दोघे पुढे बसून आपापल्या भाषेत गाईंविषयी बोलत होते.

होळीला घरातच निरांजन लावलं, पुरणपोळीचा नैवेद्य दाखवला, नारळ फोडला. नात हिरमुसली. तेव्हा अप्पा अंगणात गेले, तोंडावर उलटा हात ठेवला आणि अशी खणखणीत बोंब ठोकली की कुंपणावर आजोबांचं डोकं वर आलं. "ह्याला परमिट लागत नाही ना?" अप्पांनी मला विचारायला लावलं. पुढची बोंब तिघांनी मिळून मारली. पुरणपोळीचं ताट कुंपणावरून गेलं आणि धुतलेलं ताट लिंबं भरून परत आलं.

अप्पा एप्रिलमध्ये परत गेले. पुढे 2024 च्या ऑक्टोबरात, दिवाळीच्या तोंडावर, ऑकलंडच्या वाटेवरचं फांगामारिनोचं पाणथळ पेटलं. हजारावर हेक्टर जळालं, आणि वरची आग आटोक्यात आली तरी पीट आत धुमसत राहिलं. पाडव्याला फोनवर मी अप्पांना हे सांगितलं. बराच वेळ पलीकडून काही नाही. मग म्हणाले,

"आपल्या म्हाताऱ्याची जमीन तिथून लांब आहे ना गं?"

लांब आहे, म्हटलं. तरी संध्याकाळी शेजारी फराळ द्यायला गेले तेव्हा अप्पांनी विचारलंय म्हणून सांगितलं. आजोबा म्हणाले, त्यांना सांग, इथे पाऊस झालाय.