पडण्याची तयारी

‘मजबूत’ हा शब्द आपल्या व्यापारी घरांत फार आदराने उच्चारला जातो. कुलूप मजबूत हवे, तिजोरी मजबूत हवी, पोते बांधणारी सुतळीसुद्धा मजबूत हवी. मजबूत म्हणजे जाड, जड आणि न वाकणारे, ही व्याख्या सांगलीच्या बाजारपेठेत बेअरिंग, पट्टे आणि नट-बोल्ट विकताना मी गेली तीस वर्षे ग्राहकांच्या तोंडून ऐकत आलो आहे. ही व्याख्या जिला मुळीच लागू पडत नाही अशी एक वस्तू चार वर्षांपूर्वी आमच्या एकत्र कुटुंबात आली. ती म्हणजे दूरनियंत्रकावर उडणारे छोटे हेलिकॉप्टर. धाकट्या भावाच्या मुलाने शिष्यवृत्तीच्या पैशांतून त्याचे सुटे भाग आणले आणि दुकानाच्या माळ्यावर बसून ते जोडले.

अशा हेलिकॉप्टरचा छंद जगात नवा नाही. जर्मनीतील डीटर श्ल्यूटर यांनी १९७० च्या सुमारास पूर्ण ताब्यात राहणारे दूरनियंत्रित हेलिकॉप्टर उडवून दाखवले, तेव्हापासून हौशी मंडळी ते उडवत आहेत आणि पाडतही आहेत. विमानाचे पंख वाऱ्यावर तरंगतात आणि चालकाला विचार करायला क्षणभर उसंत देतात. हेलिकॉप्टर तशी उसंत देत नाही. शिकणाऱ्याच्या हातून ते पडणार, हे गृहीत धरूनच सुरुवात करावी लागते. म्हणून या छंदातील पहिला प्रश्न ते कसे उडवावे हा नसून पडल्यावर कमीत कमी काय मोडेल, हा असतो.

आमच्या घरात त्याच्याही आधी दुसरा प्रश्न उभा राहिला. माझी आई ऐंशीच्या घरातली, सूर्यास्तापूर्वी भोजन आणि पाणी गाळून पिण्याचा नेम आजही पाळणारी. तिने ते यंत्र हातात घेतले, पात्याच्या कडेवरून बोट फिरवले आणि नातवाला विचारले, “बाळा, याच्या वाटेत एखादं पाखरू आलं तर?” आम्ही दोघेही गप्प राहिलो. संक्रांतीच्या मांज्याने कापलेल्या पक्ष्यांवर उपचार करणारी शिबिरे आपला समाज भरवतो. त्याच समाजातल्या घरातून आकाशात फिरते पाते सोडायचे असेल, तर या प्रश्नाला उत्तर देणे भाग होते. आई पुढे म्हणाली, “उडवू नको असं मी म्हणत नाही. पण जयणा ठेवून उडवता येतं का, ते आधी बघा. तोवर ते माळ्यावरच राहू दे.”

मग काका-पुतणे हिशेबाला बसलो. पुतण्याचे हेलिकॉप्टर मध्यम आकाराचे, वजन सुमारे ८०० ग्रॅम. पात्यांचा घेर टोकापासून टोकापर्यंत ७० सेंटिमीटर आणि वेग मिनिटाला २५०० फेऱ्या. एका फेरीत पात्याचे टोक सुमारे २.२ मीटर अंतर कापते, म्हणजे मिनिटाला साडेपाच किलोमीटर आणि ताशी ३३० किलोमीटर. पुढचा आकडा अधिक बोलका होता. प्रत्येकी ३० ग्रॅमची ती दोन पाती या वेगाने फिरताना सुमारे ८० ज्यूल ऊर्जा बाळगतात. तेच हेलिकॉप्टर दहा मीटर उंचीवरून नुसते खाली टाकले, तर जमिनीवर आदळताना त्याच्यात जवळजवळ तेवढीच ऊर्जा असते. अर्थ असा की माणसाच्या उंचीवरून पडणाऱ्या हेलिकॉप्टरचा खरा शत्रू त्याची उंची नसते, फिरते पाते असते. मोडतोड करते ते पाते, आणि पाखराला किंवा माणसाला धोका असतो तोही त्याच पात्याचा. आईचा प्रश्न आणि पुतण्याचा प्रश्न मुळात एकच होता, हे त्या संध्याकाळी वहीत उतरले.

या हिशेबातून पहिला नियम निघाला. पडणे अटळ दिसताच मोटर बंद झाली पाहिजे. दूरनियंत्रकावर यासाठी वेगळी कळ असते. ती दाबताच बाकीच्या कांड्या कशाही असल्या तरी मोटरची शक्ती तुटते. मोटर चालू राहिली, तर जमिनीत अडकलेले पाते ती फिरवतच राहते; गिअरचे दाते झिजतात, मोटर आणि तिचे नियंत्रक जळते. पुतण्याने हेलिकॉप्टर जमिनीवरच ठेवून ती कळ शेकडो वेळा दाबली, बोट न पाहता तिथे जाईपर्यंत. उडवण्याचा बाकी सराव त्याने दोन महिने संगणकावरच्या आभासी हेलिकॉप्टरवर केला. तिथे पडण्याला मोल पडत नाही आणि कोणाला इजाही होत नाही.

दुसरा नियम आमच्या दुकानदारीला नवा वाटावा असा. आघात कुठेतरी जिरलाच पाहिजे. तो कुठे जिरवायचा एवढेच आपल्या हाती असते. पाते जमिनीला लागले की धक्का पात्यातून डोक्याच्या आडव्या दांड्यात, तिथून उभ्या मुख्य दांड्यात, मग मोठ्या गिअरमध्ये आणि शेवटी मोटरपर्यंत उतरतो. या साखळीत एक कडी मुद्दाम कच्ची ठेवली, तर पुढच्या कड्या वाचतात. म्हणून मोठा गिअर प्लॅस्टिकचा असतो. त्याचे दाते तुटतात आणि मोटर बचावते. आडवा दांडा पोलादी असला तरी बारीक असतो; तो वाकतो आणि पात्यांच्या मुठी शाबूत राहतात. त्या दांड्याच्या दोन्ही टोकांना रबरी कड्या असतात, त्या लहानसहान धक्के गिळतात. नियंत्रणाच्या सळ्या गोळीवर दाबून बसवलेल्या असतात. ताण फार आला की त्या निखळतात आणि पुन्हा दाबल्या की बसतात.

पुतण्याने पहिल्या वर्षी एक वही घातली. तारीख, काय मोडले, का मोडले आणि किती खर्च आला, असे चार रकाने. त्यात वारंवार येणाऱ्या नोंदी तीनच होत्या: मोठा गिअर, आडवा दांडा आणि शेपटीची नळी. शेपटीची नळी मोडण्याचे कारण उद्बोधक आहे. हेलिकॉप्टर जोरात टेकले की लवचीक पाती खाली झुकतात आणि स्वतःचीच शेपटी छाटतात. यावर इलाज म्हणून त्याने शिकण्याच्या काळात पात्यांचा वेग बेताचा ठेवला आणि पायांखाली दोन हलक्या कांड्या गुणिलेच्या खुणेसारख्या आडव्या बांधून टोकांना टेबल टेनिसचे चेंडू लावले. पायांचा विस्तार वाढल्याने हेलिकॉप्टर टेकताना कलंडेनासे झाले. वहीतल्या नोंदी त्यानंतर स्पष्टपणे विरळ झाल्या.

माझ्या व्यवसायामुळे मला एक मोह स्वाभाविक होता. प्लॅस्टिकच्या जागी ॲल्युमिनियमचे भाग बसवावेत. बाजारात ते मिळतात, दिसतातही देखणे. निष्णात चालकाला त्यांचा उपयोग आहे, कारण त्यांत अचूकता जास्त असते. शिकणाऱ्याच्या यंत्रात मात्र ते धक्का स्वतः न जिरवता पुढे ढकलतात, आणि वाकले तर तो बाक डोळ्यांना दिसतही नाही. पात्यांचेही तसेच आहे. लाकडी पाते आदळले की त्याचे तुकडे होतात आणि त्या तुटण्यातच बरीच ऊर्जा खर्ची पडते. कार्बनचे ताठ पाते सहजासहजी तुटत नाही, पण मग मुख्य दांडा वाकवते. म्हणून पहिल्या वर्षी आमच्याकडे लाकडी पातीच राहिली. वजनाचाही असाच उलटा न्याय आहे. छपरावरून शेंग पडली तर काही होत नाही, नारळ पडला तर फुटतो. मजबुतीसाठी प्रत्येक भाग जाड करत गेले, तर यंत्र जड होते आणि तेच वजन पडताना त्याच्यावर उलटते.

बॅटरीची काळजी वेगळी घ्यावी लागते. ती लिथियम पॉलिमरची असते; चेपली किंवा तिला भोक पडले तर पेट घेऊ शकते. आम्ही तिच्यापुढे फोमचा तुकडा ठेवतो आणि ती पट्ट्याने घट्ट बांधतो. हेलिकॉप्टर पडल्यावर बॅटरी काढून उघड्यावर, सुक्या गवतापासून दूर ठेवून तिच्यावर नजर ठेवतो. फुगलेली बॅटरी पुन्हा कधीही वापरत नाही.

गेल्या वर्षी या सगळ्याची खरी परीक्षा झाली. पुतण्याच्या महाविद्यालयात दुसऱ्या दिवशी प्रात्यक्षिक होते. आदल्या संध्याकाळी पाती पुसताना एका पात्याच्या मुळाशी केसाएवढी चीर दिसली. तोवर तो कार्बनच्या पात्यांवर आला होता, जोड महाग होती आणि नवी यायला आठवडा लागणार होता. चिकटवून चालेल, असे त्याच्या मित्राचे मत पडले. फिरत्या पात्याच्या मुळावर बाहेर खेचणारी ओढ प्रचंड असते. तिथून सुटलेले पाते बंदुकीच्या गोळीसारखे जाते. २०१३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये स्वतःचेच हेलिकॉप्टर उडवणाऱ्या एका सराईत तरुणाचा पात्याच्या आघाताने मृत्यू झाला होता, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होते. मी काही बोललो नाही. निर्णय त्याचा होता. तो थोडा वेळ बसला, मग ती दोन्ही पाती गुडघ्यावर घेऊन त्याने मोडली. “काका, अख्खी ठेवली तर उद्या सकाळी मन बदलेल,” एवढेच म्हणाला. प्रात्यक्षिकात त्याने हेलिकॉप्टर उडवले नाही. ते का उडवत नाही, हे समजावून सांगितले आणि मोडलेली पाती टेबलावर मांडली.

आईच्या प्रश्नाचे उत्तर आता घरातल्या नियमांत बसले आहे. परवानगी असलेल्या मोकळ्या मैदानातच उडवायचे. सकाळी आणि संध्याकाळी बगळ्यांचे थवे जातात ती वेळ टाळायची. घार घिरट्या घालू लागली की लगेच खाली उतरवायचे, कारण घार अशा वस्तूकडे कुतूहलाने झेपावते. माणसांपासून दूर उभे राहायचे आणि उडवण्यापूर्वी प्रत्येक दांडा, प्रत्येक सळी हातात घेऊन पाहायची. वस्तू उचलताना आणि ठेवताना जीव राखावा, या दक्षतेला आपल्याकडे आदान-निक्षेपण समिती म्हणतात. मुनींच्या आचारातली ती गोष्ट तरुण मुलाच्या हाताला अशा मार्गाने लागेल, असे कोणाच्या ध्यानीमनी नव्हते.

दशलक्षण पर्वात उत्तम क्षमेच्या दुसऱ्याच दिवशी आपण उत्तम मार्दवाचे चिंतन करतो. मार्दव म्हणजे मऊपण, ताठ्याचा अभाव. दुर्बळ मऊ असतो आणि बलवान ताठ, असा लौकिक समज आहे. माळ्यावरच्या त्या यंत्रात मात्र ताठ भाग आधी निकामी होतात आणि वाकणारे भाग बाकीच्यांना वाचवतात. पेढी चालवणाऱ्या आपल्यासारख्यांनाही यातून घेण्यासारखे पुष्कळ आहे. उधारी बुडते, मंदी येते, भागीदारी मोडते. आपल्यावर कधी आघात होणारच नाही, अशा भरवशावर व्यवहार उभा करण्यापेक्षा आघात झाला तर आधी काय तुटेल, ते स्वस्त आहे का आणि त्याने मुख्य दांडा वाचेल का, हे शांत वेळी ठरवून ठेवलेले बरे. ज्या घरात हा विचार आधी झालेला असतो, त्या घरात पडल्यावर दोष कोणाचा यावर भांडण होत नाही. वही उघडली जाते, चार रकाने भरले जातात आणि दुरुस्तीला सुरुवात होते.