मोगऱ्याचे पाय

आमच्या घरी एक पांढरा ससा आहे. नातीने त्याचे नाव मोगरा ठेवले. 2019 च्या दिवाळीत ती त्याला बुट्टीत घालून घेऊन आली, तेव्हा तो मुठीत मावेल एवढा होता. पुढे मुलाची बदली पुण्याला झाली, नात तिकडच्या शाळेत गेली, आणि मोगरा आम्हा दोघा म्हाताऱ्यांकडे वारणानगरला राहिला. मी नुकतीच शाळेतून निवृत्त झाले होते. घर रिकामे झाले होते. तो राहिला हे बरेच झाले, असे मला वाटले.

त्याच्यासाठी आम्ही मोठा पिंजरा आणला होता. तळाला तारेची जाळी आणि जाळीखाली ओढून काढता येणारा पत्रा. लेंड्या खाली पडत, मूत्र खाली निथळे, रोज सकाळी पत्रा धुतला की काम संपे. शेजारपाजारचे लोक म्हणत, ‘बाई, घरात जनावर आहे याचा वाससुद्धा येत नाही.’ मला त्याचा अभिमान होता. तीन वर्षे मी तो पत्रा धूत राहिले. त्या जाळीवर जो बसला होता त्याचे तळपाय मात्र एकदाही उलटून पाहिले नाहीत.

2022 च्या जून महिन्यात मोगरा वेगळा वागू लागला. पूर्वी भाजीची जुडी दिसताच तो मागच्या पायांवर उभा राहत असे. आता तो जागचा हलेना. बसल्या बसल्या एकदा या पायावरचा भार त्या पायावर, त्या पायावरचा या पायावर असे करी. पुढचे पंजे किंचित उचलून धरी. रात्री मधूनच दात घासल्याचा बारीक आवाज येई. मला वाटले, वय झाले असेल. पावसाळी हवेने आळसावला असेल. ससा हा भक्ष्य होणारा प्राणी. दुखणे दाखवले तर जीव जातो, हे त्याच्या रक्तातच असते. तो शेवटपर्यंत दुखणे लपवतो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते.

वारणेचा परिसर दुधाचा आहे. तात्यासाहेब कोरे यांनी उभारलेल्या साखर कारखान्याबरोबर आणि दूध संघाबरोबर गाई-म्हशींचे डॉक्टरही इथे हाकेच्या अंतरावर आले. सशाची नाडी ओळखणारे मात्र विरळाच. शेवटी कोल्हापुरातील एका तरुण पशुवैद्य मुलीकडे आम्ही त्याला नेले. तिने त्याला टेबलावर टॉवेल पसरून बसवले, छातीशी धरून हलकेच मागचा पाय वर केला आणि मला जवळ बोलावले. टाचेखालची लव पूर्ण गेली होती. रुपयाच्या नाण्याएवढी जागा लालभडक झाली होती. दुसऱ्या पायावर खपली धरली होती आणि खपलीच्या कडेने ओल दिसत होती.

तिने समजावून सांगितले ते असे. कुत्र्याला, मांजराला तळपायाखाली गाद्या असतात. सशाला त्या नसतात. तळपायावरची दाट लव हीच त्याची वहाण. बसताना त्याचा बराचसा भार मागच्या टाचांवर येतो. खाली तार असेल, खरखरीत फरशी असेल किंवा ओल असेल, तर प्रथम लव झडते. मग उघड्या कातडीवर सतत दाब पडतो, तिथला रक्तपुरवठा थांबतो, कातडी मरते आणि जखम होते. त्या जखमेतून जंतू आत शिरले तर गळू होते. दुर्लक्ष झाले तर रोग हाडापर्यंत पोहोचतो. ससा जाड असेल, त्याची नखे वाढलेली असतील, त्याला फिरायला जागा नसेल, तर हे सारे अधिक लवकर घडते. मोगऱ्याच्या बाबतीत यांतले एकही कारण वगळण्याजोगे नव्हते.

दाबाने रक्त थांबते आणि कातडी मरते, हे शब्द ऐकले आणि मी टेबलाची कड धरली. माझ्या सासूबाई 2017 साली पडल्या. खुब्याचे हाड मोडले. शेवटचे सात महिने त्या अंथरुणावर होत्या. पाठीला जखम होऊ नये म्हणून आम्ही दर दोन तासांनी त्यांची कूस बदलत होतो. रात्री गजर लावून उठत होतो. हवेची गादी आणली होती. दाबाची जखम काय असते, ती कशी टाळायची, हे सारे मला येत होते. आलेले ज्ञान मी सासूबाईंपाशीच ठेवून दिले होते. पिंजऱ्यातल्या जिवालाही टाच असते, हे मनात आले नव्हते.

‘औषध देते,’ डॉक्टर म्हणाल्या, ‘पण काकू, ही जखम औषधापेक्षा जमिनीने बरी होईल. आधी जाळी काढा.’

मी पर्समधून एक पाकीट काढले. यजमानांच्या दाढदुखीतून उरलेल्या अमॉक्सिसिलिनच्या कॅप्सूल होत्या. यातली अर्धी चालेल का, असे मी विचारले. त्या जवळजवळ ओरडल्याच. पेनिसिलिनच्या जातीचे औषध सशाला तोंडावाटे दिले, तर त्याच्या आतड्यातले उपयोगी जंतू मरतात आणि ससा त्यानेच दगावू शकतो. माणसाची वेदनाशामक गोळीसुद्धा मनाने द्यायची नाही. जखमेवर लावण्यासाठी त्यांनी औषधी मध सुचवला. मी क्षणभर गप्प राहिले. आमच्या घरात मध येत नाही, हे त्यांना कळले असावे. माझ्याकडे पाहून त्यांनी स्वतःच चांदीयुक्त मलम लिहून दिले. त्यांच्या त्या न बोलता दाखवलेल्या समजुतीचे मोल मला अजून वाटते.

घरी आल्यावर पिंजऱ्याची जाळी काढली. गल्लीतले एक म्हशी पाळणारे दादा ती कापायला मदतीला आले होते. ते सहज म्हणाले, ‘बाई, आमी म्हशीखाली बी रबरी मॅट घालतोय, आन् तुमी सशाखाली तार?’ त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, नुसते आश्चर्य होते. मला उत्तर सुचले नाही.

मागच्या खोलीचा अर्धा भाग मोगऱ्याला दिला. शहाबादी फरशीवर रबरी मॅट आणि तिच्यावर सासूबाईंनी शिवलेली जुनी वाकळ. पंधरा दिवसांत लाली उतरली. मी निश्चिंत झाले आणि तिथेच चुकले. पन्हाळ्याकडून येणारा श्रावणातला पाऊस लागला, चार-चार दिवस ऊन दिसेना. वाकळ सुती, ती मूत्र शोषून घेई, वरून कोरडी भासे, आतून मात्र ओलीच राही. खपली पुन्हा उघडली. तेव्हा समजले की मऊपणा पुरेसा नाही, कोरडेपणाही हवा. मग वाकळेचे चार तुकडे केले, रोज एक धुवून वाळवायचा. त्यांच्यावर फ्लीसचे पातळ पांघरूण अंथरले; त्यातून ओल खाली जाते आणि वरचा थर कोरडा राहतो. ससा एकाच कोपऱ्यात मूत्र करतो, हे ध्यानात आल्यावर त्या कोपऱ्यात वर्तमानपत्राचे कपटे आणि वाळलेले गवत घातलेला पसरट ट्रे ठेवला. कापड कुरतडून धागे पोटात जात नाहीत ना, यावर नजर ठेवावी लागते. पाय मात्र पाण्याने धुवायचे नाहीत. भिजलेली लव लवकर वाळत नाही.

वजनाचा प्रश्न अधिक नाजूक होता. मोगरा तीन किलोच्या वर गेला होता. चपाती, भिजवलेले हरभरे, केळे, गाजर हे सारे आम्हीच लाडाने भरवले होते. मी म्हटले, दोन दिवस कमी खाऊ घालते. डॉक्टरांनी सक्त मनाई केली. सशाचे पोट सतत चालू राहावे लागते. अर्धा दिवस त्याने काही खाल्ले नाही तर ती तातडीची वेळ समजावी. म्हणून लाडाचे पदार्थ बंद केले आणि गवत भरपूर दिले: वाळलेले गवत चोवीस तास समोर, सोबत ताजी हरळी आणि थोडी कोथिंबीर. सहा महिन्यांत वजन अडीच किलोच्या जवळ आले. नखे दर पाच-सहा आठवड्यांनी कापतो. नखातली गुलाबी शीर उजेडात दिसते, तिच्या अलीकडे थांबायचे.

त्याच वर्षी चातुर्मासातील एका प्रवचनात महाराजांनी अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले: जिवाला बांधून वा कोंडून ठेवणे, त्याला मारणे, त्याचे अवयव छेदणे, त्याच्यावर अतिभार लादणे आणि त्याचे अन्नपाणी तोडणे. हे मी लहानपणापासून ऐकत आले आहे. पाठशाळेत मुलांकडून घोकूनही घेतले आहे. बैलगाडी, नांगर, टांगा अशी उदाहरणे देत असे. त्या दिवशी पहिलाच अतिचार ऐकताना माझ्यापुढे बैल आला नाही. घासून लख्ख केलेला पत्रा आणि वरची तार आली. पाणी गाळून पिणारी, सूर्यास्ताआधी जेवणारी मी. माझ्या हातून एक जीव तीन वर्षे तारेवर बसला होता. द्वेष नव्हता, क्रोधही नव्हता. होता तो प्रमाद आणि स्वतःची सोय. आपल्या देशात 1960 चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आहे. प्राण्याला नीट हालचाल करता येणार नाही अशा पिंजऱ्यात ठेवणे हा त्याने गुन्हा मानला आहे. पण कायदा माझ्या मागच्या खोलीत येऊन तळपाय पाहणार नव्हता. ते मलाच पाहायचे होते.

मोगरा आज ठीक आहे. बरा झाला, असे मी म्हणत नाही. टाचेवरची लव पुन्हा आली नाही. तिथे कोरडा, टणक घट्टा आहे, आणि तो तसाच राहील असे डॉक्टर म्हणाल्या. काही दुखणी संपत नाहीत, ती सांभाळायची असतात. दर रविवारी उजेड असताना आम्ही दोघे खाली बसतो. यजमान त्याला छातीशी धरतात, मागचे पाय हाताने सावरतात, कारण सशाने जोरात लाथ मारली तर त्याचाच कणा मोडू शकतो. मी दोन्ही तळपाय पाहते. पावसाळ्यात हे दिवसाआड करतो.

क्षमावाणीच्या दिवशी आपण सर्व जिवांची क्षमा मागतो. त्यानंतर मी घरी येऊन मोगऱ्याजवळही बसते. त्याला त्यातले काय कळणार? पण मला कळते.

गेल्या महिन्यात नातीचा पुण्याहून फोन आला. ‘आजी, मोगऱ्याला जोडीदार आणू का? मी इकडे पाळेन.’ मी म्हटले, ‘आण की. पण आधी सांग, त्याच्या पायाखाली काय असेल?’ ती विचारात पडली. म्हणाली, ‘बघते, आणि मग सांगते.’ अजून सांगितलेले नाही. मी वाट पाहते आहे, घाई नाही.