श्रमदानाला येऊन गेलेल्यांना जंगलपट्टीची खुशाली

मंडळी, तुमच्या घरात किंवा भावकीत असे एखादे माणूस असेलच. तरुणपणी मे महिन्याच्या उन्हात आठ दिवस घर सोडून श्रमाच्या छावणीला गेले, तळहाताला फोड घेऊन परत आले, आणि पुढे नोकरी-शेतीच्या रगाड्यात ते दिवस मागे पडले. कधी रात्री अंगणात गप्पा निघाल्या की ते विचारतात, "तिकडे आता काय आहे हो? आम्ही केलेले काही राहिले का?" आजचा मजकूर त्यांच्यासाठी आहे. आणि ज्यांचा मुलगा किंवा मुलगी यंदा "आम्ही जाऊ का?" म्हणून मागे लागली आहे, त्या आईबापांसाठीही आहे. चला तर, वरोऱ्यापासून भामरागडपर्यंत चक्कर मारून येऊ.

नागपूरहून चंद्रपूरकडे जाताना वरोरा लागते. गावाबाहेर आनंदवन. १९५१ साली बाबा आमटे आणि साधनाताई इथल्या खडकाळ, झुडपी माळावर राहायला आले, तेव्हा सोबत दोन लहान मुले, सहा कुष्ठरोगी, एक लंगडी गाय, एक कुत्रा आणि खिशात चौदा रुपये होते. विहीर खणली, भाजीपाला पिकवला. पण कुष्ठरोग्यांच्या हातची भाजी घेणार कोण?

त्या दशकात इथे परदेशातले स्वयंसेवक येऊन राहिले. सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल ही त्यांची संस्था. पियेर सेरेसोल नावाच्या स्विस गृहस्थाने पहिल्या महायुद्धानंतर, १९२० साली, ती सुरू केली. युद्धात उद्ध्वस्त झालेले फ्रान्समधले एक खेडे पुन्हा उभारायला निरनिराळ्या देशांची माणसे, त्यात कालचे शत्रूही, एकत्र आली. १९३४ च्या भूकंपानंतर सेरेसोल स्वतः बिहारात येऊन घरे बांधायला राबले. त्याच संस्थेच्या तरुणांनी आनंदवनात विटा-माती वाहिली, दवाखान्याच्या इमारती उभ्या केल्या. पण विटांपेक्षा मोठे काम दुसरेच झाले. ही माणसे कुष्ठरोग्यांबरोबर राबली, त्यांच्या पंगतीला जेवली, आणि त्यांना काही झाले नाही, हे वरोऱ्याच्या लोकांनी डोळ्यांनी पाहिले. मनातली भीती ओसरायला त्याचा मोठा हातभार लागला. ते तरुण आपापल्या देशी परत गेले. आनंदवन मात्र पुढे इथल्याच माणसांनी वाढवले. बोटे झडलेल्या हातांनी शेती केली, सूत विणले, घरे बांधली. बाबा २००८ साली गेले, साधनाताई २०११ साली. काम थांबले नाही.

पुढे मूलकडे वळले की धानाच्या बांध्या सुरू होतात. मूलजवळ जंगलाच्या कडेला सोमनाथ आहे. शंकराचे देऊळ, जवळच धबधबा. साठीच्या दशकाच्या अखेरीस बाबांनी तरुणांना हाक दिली, ती इथल्या छावणीसाठी. श्रमसंस्कार छावणी तिचे नाव. तेव्हापासून मे महिन्यात राज्यभरातून मुले-मुली इथे येत आली आहेत. सकाळी कुदळ-फावडे, दुपारी चर्चा, रात्री गाणी. तुमचे काका किंवा आत्या बहुधा इथेच आली असतील. त्यांना सांगा, इथली शेती पिकते आहे, आणि ती पिकवणारी माणसे पूर्वी ज्यांना गावाने वेशीबाहेर काढले होते, त्यांतलीच आहेत.

खरे बोलायचे तर आठ दिवसांच्या श्रमदानाने डोंगर हलत नाही. उलट पाहुण्यांचे जेवणखाण, त्यांना काम दाखवणे, हाही यजमानांना कष्टच. छावणीचे खरे पीक बांधावर नाही, परत गेलेल्या माणसात उगवते. कुणाच्या बाबतीत ते उगवते, कुणाच्या बाबतीत करपते.

मूलवरून वैनगंगा ओलांडली की गडचिरोली. १९८२ साली चंद्रपूरपासून वेगळा केलेला हा जिल्हा. इथली गोष्ट परदेशातून परत आलेल्यांची आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग अमेरिकेत बाल्टिमोरला सार्वजनिक आरोग्य शिकले आणि शिक्षण पुरे करून परतले. १९८६ साली त्यांनी गडचिरोलीत 'सर्च' संस्थेचे काम सुरू केले. धानोऱ्याच्या रस्त्याने चातगावच्या अंगाला गेलात की त्यांचे शोधग्राम लागते. तिथला दवाखाना पाहाल तर गोंडांची वस्तीच वाटेल. कारण आधी लोकांनाच विचारले, "दवाखान्याला का भिता?" लोक म्हणाले, मोठ्या इमारतीत वाट चुकते, नातलगांना जवळ राहू देत नाहीत, आणि पांढरे कपडे तर आम्ही मेलेल्याला घालतो. मग रोग्याच्या नातलगांना राहायला झोपड्या झाल्या आणि दवाखान्याला दंतेश्वरी देवीचे नाव मिळाले.

याच जिल्ह्यातल्या ३९ गावांत बायकांना तान्ह्या बाळाची काळजी घ्यायला शिकवले. बाळाला ऊब कशी द्यावी, वजन कसे करावे, श्वास कोंडला किंवा जंतुदोष झाला तर काय करावे, हे त्या शिकल्या. नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ साली हे निष्कर्ष 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले आणि साऱ्या जगाने त्यांची दखल घेतली. २०११ साली आपल्या सरकारने ही पद्धत देशभर लागू केली. तुमच्या सुनेचे बाळंतपण होते आणि आशाताई वजनकाटा घेऊन दीड महिन्यात सहा वेळा तुमच्या दारी येते, त्या पायवाटेचा उगम या गावांत आहे. परदेशातून विद्या आणली डॉक्टरांनी, पण ती घरोघर पोचवली गावच्या बायकांनी. म्हणूनच ती टिकली.

आता शेवटचा टप्पा. आलापल्लीचे साग मागे टाकत भामरागडकडे जा. इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतमी इथे एकत्र येतात. पावसाळ्यात पुराने हा मुलूख वरचेवर तुटत आला आहे. अलीकडेच हेमलकसा. २३ डिसेंबर १९७३ रोजी इथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. डॉ. प्रकाश आमटे नागपूरचे शल्यचिकित्सेचे शिक्षण सोडून आले, डॉ. मंदाकिनी भूल देणाऱ्या डॉक्टर. वीज नाही, धड रस्ता नाही, आणि माडिया माणसे परक्याला पाहून पळत. दोघांनी आधी माडिया भाषा शिकून घेतली. झाडाखाली औषधे दिली. १९७५ साली स्वित्झर्लंडच्या 'स्विसएड' संस्थेच्या पैशातून छोटा दवाखाना उभा राहिला, पुढच्याच वर्षी शाळा निघाली. पैसा परदेशी होता, तो एकदा येऊन गेला. शाळा राहिली, आणि तिथे शिकलेली माडिया मुले डॉक्टर, वकील, शिक्षक झाली. आता आमट्यांची पुढची पिढी हे काम पाहते.

तर अशी ही खुशाली. येऊन गेलेल्यांचे काय राहिले, याचे उत्तर चारही ठिकाणी सारखेच मिळाले. जे इथल्या माणसांच्या हाती सोपवले गेले, ते राहिले.

मुलीला पाठवायचे की नाही, हा घोर लागला असेल तर आधी संस्थेला पत्र टाका. तारखा, राहण्याची सोय, सारे विचारून घ्या. उन्हासाठी टोपी-रुमाल आणि पाण्याची बाटली बरोबर द्या. ती परत आली की मात्र एवढेच विचारा, "तिकडे केलेस ते चांगलेच. आता आपल्या गावात काय करणार?" शाळेची पडकी भिंत असेल, गाळाने भरलेले तळे असेल, आशाताईंबरोबर चार घरे फिरणे असेल. आणि काकांचे फोड कधीच बरे झाले असतील, पण त्यांनाही हाच प्रश्न विचारायला हरकत नाही. उशीर झालेला नाही.